बुरशीची पेशी आणि कॅल्शियमचं दार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना पेशीपटलातून होणाऱ्या वहनाचा धडा आला की साखर, पाणी, सोडियम, पोटॅशियम यांवर भरपूर बोललं जातं आणि कॅल्शियम दोन ओळींत उरकतं. मला ते खटकतं. बुरशीच्या पेशीत कॅल्शियमचे मोजके आयन शिरतात आणि पेशीचं जगणं-मरणं त्यावर ठरतं, इतका हा विषय मोठा आहे. विद्यार्थी वर्गात आणि वर्गाबाहेर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. बहुतेक उत्तरं सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी, म्हणजे बेकरीत पाव फुगवणाऱ्या यीस्टबद्दल आहेत, कारण सगळ्यात खोलवर अभ्यास त्याचाच झाला आहे. इतर बुरशी जिथे वेगळ्या वागतात तिथे तसं सांगितलं आहे.

बुरशीला हाडं नाहीत, दात नाहीत. मग तिला कॅल्शियम कशाला हवं?

निरोप पोचवायला. पेशीद्रवात मुक्त कॅल्शियम एरवी अगदी नगण्य असतं. बाहेर काही घडलं, ताण आला, जोडीदाराची चाहूल लागली, की ते काही सेकंदांत वाढतं. कॅल्मोड्युलिन नावाचं प्रथिन ही वाढ ओळखतं आणि पुढच्या प्रथिनांना कामाला लावतं.

पण ते इतकं कमी का ठेवायचं? पेशीत फॉस्फेट सगळीकडे असतं, पेशीला ऊर्जा पुरवणारा एटीपी हा रेणूसुद्धा फॉस्फेटवरच उभा आहे. कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर प्रमाणात एकत्र आले तर न विरघळणारा पांढरा साका बसतो. म्हणून कोणत्याही सजीव पेशीला पेशीद्रव कॅल्शियमपासून मोकळा ठेवावाच लागतो. एकदा तो तसा ठेवला की थोडंसं कॅल्शियमही लगेच लक्षात येतं. घरात सामसूम असली की कडीचा बारीकसा आवाजही ऐकू येतो, तसंच.

बाहेर किती आणि आत किती?

साधारण वाढद्रावणात कॅल्शियम एक मिलिमोलरच्या आसपास किंवा त्याहून थोडं कमी असतं. यीस्टच्या पेशीद्रवात ते ५० ते २०० नॅनोमोलर असतं (एक मिलिमोलर म्हणजे दहा लाख नॅनोमोलर). म्हणजे फरक जवळजवळ दहा हजारपट.

हे आकडे नुसते वाचून डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही, म्हणून मी फळ्यावर गणितच मांडते. पेशीचं आकारमान ४० फेम्टोलिटर धरा आणि मुक्त कॅल्शियम १०० नॅनोमोलर. ॲव्होगॅड्रोच्या संख्येने गुणलं की उत्तर येतं सुमारे २,४००. अख्ख्या पेशीत मुक्त कॅल्शियमचे आयन दोन-अडीच हजार, बस्स. आता एखाद्या चॅनेलमधून, म्हणजे आयन जाऊ देणाऱ्या पटलातल्या प्रथिनाच्या छिद्रातून, एक पिकोअँपिअर कॅल्शियमचा प्रवाह वाहतोय असं समजा. तो सेकंदाला ३० लाखांहून जास्त आयन आत सोडतो. असं एकच चॅनेल एक मिलिसेकंद उघडलं तरी तीन हजार आयन आत येतील, म्हणजे आधी होते त्याहून जास्त. प्रत्यक्षात आत आलेले बहुतेक आयन प्रथिनं तिथल्या तिथे धरून ठेवतात, त्यामुळे पातळी लगेच दुप्पट होत नाही. तरी हे दार इतक्या काटेकोरपणे का राखावं लागतं, ते या हिशेबावरून कळतं.

मग कॅल्शियम आत घ्यायला पेशीला ऊर्जा खर्च करावी लागते का?

उत्तरपत्रिकांत सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, ‘सक्रिय वहनाने कॅल्शियम आत घेतलं जातं’. घेतलं जात नाही, ते आपणहून आत घुसतं. दार किलकिलं झालं की पुरे.

त्याला आत ढकलणाऱ्या गोष्टी दोन. एक म्हणजे वर सांगितलेला दहा हजारपट फरक. दोन धनप्रभार असलेल्या आयनासाठी त्याचा रेटा सुमारे १२० मिलिव्होल्ट भरतो. दुसरी म्हणजे पटलावरचा विद्युतदाब. पीएमए१ हा पंप एटीपी खर्चून प्रोटॉन सतत बाहेर टाकत असतो, त्यामुळे पेशीची आतली बाजू ऋण राहते. क्लिफर्ड स्लेमन यांनी न्यूरोस्पोरा या बुरशीच्या जाड तंतूंत काचेचे सूक्ष्म विद्युतअग्र खुपसून हा दाब मोजला, तो २०० मिलिव्होल्टच्या आसपास निघाला. आपल्या चेतापेशींत तो साधारण ७० असतो. म्हणजे बुरशीच्या पटलावर कॅल्शियमला आत ओढणारं बळ चेतापेशीपेक्षाही मोठं आहे.

ऊर्जा लागते ती आत आलेलं कॅल्शियम आवरायला. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

बाहेर एवढी जाड पेशीभित्तिका असते. ती कॅल्शियमला अडवत नाही का?

नाही. ग्लुकान, कायटिन आणि मॅनोप्रथिनं यांची ती जाळी आहे, आयन तिच्यातून सहज आरपार जातात. अडवतं ते तिच्या आतलं प्रद्रव्यपटल, म्हणजे खुद्द पेशीचं बाह्यपटल.

इथे एक गल्लत टाळायला हवी. बिअर तयार होताना यीस्टच्या पेशी एकमेकींना चिकटून गोळे होतात आणि तळाशी बसतात. त्यालाही कॅल्शियम लागतं, पण ते भित्तिकेवरच्या चिकट प्रथिनांना लागतं. ते पटल ओलांडत नाही. कॅल्शियम धरून ठेवणारं ईडीटीए हे रसायन घालून ते काढून घेतलं की गोळे पुन्हा सुटतात.

प्रद्रव्यपटलावरचं दार नेमकं कोणतं?

मुख्य दार दोन प्रथिनांचं मिळून बनतं, सीसीएच१ आणि मिड१. ते सापडलं कसं ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

यीस्टचे दोन लैंगिक प्रकार असतात, ‘ए’ आणि ‘आल्फा’. आल्फा प्रकारची पेशी १३ अमिनो आम्लांचा एक छोटा गंधरेणू बाहेर सोडते. तो ‘ए’ पेशीला लागला की ती विभाजन थांबवते आणि जोडीदाराच्या दिशेने एक टोक काढू लागते. सूक्ष्मदर्शकाखाली गोल पेशीचा हळूहळू मानेच्या चंबूसारखा आकार होताना दिसतो. यालाच श्मू म्हणतात. जपानमध्ये हिदेतोशी ईदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवलं की टोक काढून झाल्यावर पेशीला बाहेरून कॅल्शियम आत घ्यावंच लागतं. ते मिळालं नाही तर ती मरते.

मग त्यांनी उलटा शोध सुरू केला, गंधरेणू दिल्यावर मरणाऱ्या उत्परिवर्तित, म्हणजे जनुकात बदल झालेल्या, पेशींचा. जिवंत आणि मेलेल्या पेशी ओळखायला मिथिलीन ब्लू हा रंग कामी येतो. जिवंत पेशी तो रंगहीन करून टाकते, मेलेली पेशी निळीच राहते. अशा निळ्या पडणाऱ्या पेशींतून १९९४ साली एक जनुक हाती लागलं. जोडीदाराच्या गंधाने ओढवणारं मरण म्हणून त्याच्या इंग्रजी वर्णनाची आद्याक्षरं घेऊन नाव ठेवलं मिड१. ज्या पेशींत हे जनुक बिघडलं आहे त्या टोक नीट काढतात, चंबूचा आकारही घेतात आणि मग काही तासांत मरतात. द्रावणात भरपूर कॅल्शियम घातलं की वाचतात. दोष कॅल्शियम आत येण्यातच आहे, याचा इतका साधा आणि स्वच्छ पुरावा क्वचितच पाहायला मिळतो.

१९९६ साली यीस्टचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. त्यात आपल्या हृदयातल्या आणि चेतापेशींतल्या कॅल्शियम चॅनेलशी साम्य असलेलं एक लांबलचक जनुक दिसलं. १९९७ मध्ये त्याचं वर्णन सीसीएच१ म्हणून झालं. २,०३९ अमिनो आम्लांचं हे प्रथिन पटलातून २४ वेळा आरपार जातं. ते काढून टाकलं तरी पेशी मिड१ नसलेल्या पेशींसारखीच वागते, आणि दोन्ही काढली तरी दोष आणखी वाढत नाही. यावरून ही दोन्ही प्रथिनं एकाच दाराचे भाग आहेत हे कळलं.

मिड१ स्वतः चॅनेल आहे की सीसीएच१ चं मदतनीस?

१९९९ मध्ये मिड१ एकटंच सस्तन प्राण्याच्या पेशीत घातलं गेलं तेव्हा पटल ताणलं जाताच कॅल्शियम आत जाताना दिसलं. म्हणून काही काळ त्याला ताणाने उघडणारं चॅनेल मानत. आज जास्त स्वीकारलं जाणारं चित्र असं की छिद्र सीसीएच१ चं आणि मिड१ त्याचं आवश्यक जोडप्रथिन. पुढे मानवी प्रथिनांवरच्या प्रश्नात याला आधार देणारी एक गोष्ट आली आहे.

हे दार उघडतं कधी?

संकटात. आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीतल्या पटलांच्या ज्या जाळ्यात प्रथिनं घडतात तिथे) प्रथिनांच्या घड्या बिघडल्या, बाहेरचं द्रावण अचानक अल्कधर्मी झालं, थंडीचा झटका बसला, ॲझोल गटातलं बुरशीविरोधी औषध आलं, किंवा वर सांगितलेली जोडीदाराची चाहूल लागली, तर. पेशीच्या आतले कॅल्शियमचे साठे रिकामे झाले तरीही बाहेरचं दार उघडतं. गॉल्गी पिंडात (प्रथिनं बाहेर पाठवायची तयारी करणाऱ्या पेशीच्या भागात) कॅल्शियम भरणारा पीएमआर१ पंप काढून टाकला की सीसीएच१-मिड१ मधून येणारा ओघ स्पष्ट वाढतो. आतल्या साठ्यांची खबर बाहेरच्या पटलापर्यंत पोचते, याचा हा पुरावा आहे.

दुसरं दार आहे का?

आहे, फिग१. जोडीदाराचा गंध आल्यावरच हे जनुक मोठ्या प्रमाणात चालू होतं. सीसीएच१-मिड१ ला बाहेर कॅल्शियम कमी असलं तरी पुरतं. फिग१ ची वाट जास्त कॅल्शियम असलेल्या, पोषणसमृद्ध द्रावणात महत्त्वाची ठरते.

ही दारं काढून टाकली तर यीस्ट मरतं का?

नेहमीच्या द्रावणात मरत नाही, छान वाढतं. म्हणजे रोजच्या गरजेपुरतं कॅल्शियम इतर वाटांनी आत झिरपतं. सीसीएच१-मिड१ हे आणीबाणीचं दार आहे.

आत आलेलं कॅल्शियम पुढे जातं कुठे?

रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत. यीस्टच्या पेशीतलं ९० टक्क्यांहून जास्त कॅल्शियम तिथे असतं, बरंचसं पॉलिफॉस्फेटच्या साखळ्यांना बांधलेलं. म्हणजे जे फॉस्फेट पेशीद्रवात घातक ठरलं असतं तेच इथे कॅल्शियम धरून ठेवायला उपयोगी पडतं.

रिक्तिकेच्या पटलावर दोन वाहक असतात. व्हीसीएक्स१ अदलाबदलीवर चालतं, एक कॅल्शियम आत घ्यायचं आणि त्या बदल्यात प्रोटॉन बाहेर सोडायचे. रिक्तिका आम्लधर्मी ठेवणारा वेगळा पंप असतो, त्याने साठवलेल्या प्रोटॉनांवर हे चालतं. कॅल्शियमचा लोंढा आला की झटपट उपसा करायचं काम याचं. दुसरा वाहक पीएमसी१. तो एटीपी जाळून काम करतो आणि पेशीद्रवात कॅल्शियम अगदी कमी उरलेलं असतानाही उपसत राहतो.

पीएमसी१ ची गोष्ट मला फार आवडते. १९९४ साली काइल कनिंगहॅम आणि जेराल्ड फिंक यांनी त्याचं वर्णन केलं तेव्हा दिसलं की प्राण्यांच्या पेशींच्या बाहेरच्या पटलावर बसून कॅल्शियम बाहेर फेकणाऱ्या पंपाचाच हा भाऊ आहे. यीस्टमध्ये तो बाहेरच्या पटलावर बसत नाही, रिक्तिकेवर बसतो. आपल्या पेशी कॅल्शियम अंगणात टाकतात, यीस्ट ते कोठारात भरतं. पीएमसी१ नसलेल्या पेशी २०० मिलिमोलर कॅल्शियमवर वाढत नाहीत, साध्या पेशी मात्र वाढतात. आणि त्या न वाढणाऱ्या पेशींना कॅल्सिन्यूरिन बंद पाडणारं औषध दिलं की त्या पुन्हा वाढू लागतात! कारण कॅल्शियम वाढल्यावर चालू होणारं कॅल्सिन्यूरिन हे विकर (एन्झाइम) व्हीसीएक्स१ ला दाबून ठेवत होतं. त्याचा हात सुटला की व्हीसीएक्स१ एकट्याने उपसा सांभाळतं.

थोडं कॅल्शियम गॉल्गी पिंडातही जातं, पीएमआर१ पंपाने. हा पंप मँगनीजही वाहून नेतो. स्रावाच्या पुटिकांबरोबर, म्हणजे पटलाच्या बारीक पिशव्यांबरोबर, ते कॅल्शियम शेवटी पेशीबाहेर पडतं.

म्हणजे कोणतीच बुरशी बाह्यपटलावरून थेट बाहेर टाकत नाही?

असं सरसकट म्हणता येणार नाही. न्यूरोस्पोराच्या बाह्यपटलापासून काढलेल्या पुटिकांत कॅल्शियम-प्रोटॉन अदलाबदल चालते हे १९७९ सालीच दाखवलं गेलं होतं. त्याच बुरशीत एनसीए-२ नावाचा पंप आहे, पीएमसी१ च्याच घराण्यातला. तो बाह्यपटलावरही सापडतो. तो काढून टाकला की तंतूंत कॅल्शियम साचतं, अगदी दहापटीपर्यंत, आणि कॅल्शियम जास्त असलेल्या द्रावणात वाढ खुंटते. यीस्टवर जे सापडलं ते सगळ्या बुरशींना लावू नये, हे मी म्हणूनच वारंवार सांगते.

दार बंद कोण करतं?

जे कॅल्शियम आत आलं त्यानेच जागं झालेलं कॅल्सिन्यूरिन. ते सीसीएच१-मिड१ ची हालचाल मंदावतं. त्याच वेळी सीआरझेड१ या प्रथिनावरचे फॉस्फेट काढून त्याला केंद्रकात पाठवतं, आणि तिथे पीएमसी१ सारखी उपसा करणारी जनुकं चालू होतात. एका बाजूने आवक थांबते, दुसऱ्या बाजूने कोठार मोठं होतं. २००८ साली एकेका पेशीचं चित्रण करून दाखवलं गेलं की सीआरझेड१ केंद्रकात जाऊन तिथे ठाण मांडून बसत नाही, ते झटक्याझटक्याने आत-बाहेर करतं. बाहेर कॅल्शियम जास्त असेल तर हे झटके जास्त वेळा येतात.

तंतुमय बुरशीत काय वेगळं असतं?

तंतू फक्त टोकाकडून वाढतो, आणि कॅल्शियमही टोकाशी जास्त असतं. ते कुठून येतं यावर बराच वाद झाला. न्यूरोस्पोरात टोकाजवळचं जास्तीचं कॅल्शियम मुख्यतः आतल्या साठ्यांतून सुटतं असं दिसलं. ॲस्परजिलस निड्युलान्समध्ये २०१७ साली दिसलेलं चित्र वेगळं आहे. तिथे टोकाशी कॅल्शियमचे ठोके पडतात, प्रत्येक ठोक्याबरोबर ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांची जुळणी आणि पुटिकांचा स्राव होतो आणि तंतू पावलापावलाने पुढे सरकतो. हे ठोके नीट पडायला सीसीएच१ आणि मिड१ ची तिथली रूपं लागतात. कँडिडा अल्बिकान्स या माणसाला संसर्ग करणाऱ्या बुरशीचा तंतू वाटेत उंचवटा लागला की वळतो. ही दारं नसली तर त्याला नीट वळता येत नाही.

पेशीतलं इतकं कमी कॅल्शियम मोजतात कसं?

सगळ्यात सुंदर रीत एक्वोरिनची. ओसामू शिमोमुरा यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एका जेलीफिशमधून हे प्रथिन वेगळं केलं. कॅल्शियम चिकटलं की ते निळा प्रकाश टाकतं. त्याचं जनुक यीस्टमध्ये घालतात, सोबत लागणारा सीलेंटेराझीन हा छोटा रेणू द्रावणातून देतात. पेशींची नळी अंधाऱ्या प्रकाशमापकात ठेवायची आणि पिचकारीने कॅल्शियमचं द्रावण आत सोडायचं. पडद्यावरची रेषा काही सेकंदांत उभी चढते आणि मिनिटाभरात खाली उतरते. चढ म्हणजे दार, उतार म्हणजे रिक्तिकेचा उपसा. पीएमसी१ किंवा व्हीसीएक्स१ नसलेल्या पेशींची रेषा शेजारी ठेवली की कोणाचं काम काय, हे त्या उतारावरूनच वाचता येतं.

एकूण किती आत आलं हे पाहायला किरणोत्सारी कॅल्शियम-४५ वापरतात. एकेका चॅनेलचा प्रवाह मोजायचा तर आधी विकराने भित्तिका उतरवावी लागते, मग उघड्या पटलावर काचेची सूक्ष्म नळी टेकवतात. १९८६ ते १९८८ दरम्यान विस्कॉन्सिनमध्ये चिंग कुंग यांच्या प्रयोगशाळेने यीस्टवर हे करून दाखवलं, आणि ताणाने उघडणारी चॅनेल यीस्टच्या पटलावर आहेत हे समोर आलं.

याचा औषधांशी काही संबंध?

थेट संबंध आहे. ॲझोल गटातलं फ्लुकोनाझोल कँडिडाची वाढ रोखतं पण तिला सहसा मारत नाही. औषध आलं की पेशी हे दार उघडते, कॅल्शियम आत येतं, कॅल्सिन्यूरिन जागं होतं आणि पेशी तग धरते. सोबत कॅल्सिन्यूरिन बंद पाडणारं औषध दिलं की प्रयोगशाळेत तेच फ्लुकोनाझोल मारक ठरतं. अडचण अशी की ते बंद पाडणारी सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही औषधं आपल्या रोगप्रतिकारक पेशींचंही कॅल्सिन्यूरिन बंद करतात. बुरशीचा संसर्ग झालेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती आणखी उतरवणं परवडणारं नाही. बुरशीपुरतंच चालणारं औषध बनवायची धडपड म्हणूनच सुरू आहे.

२०२१ मध्ये महाराष्ट्राने काळी बुरशी म्हणून ज्या आजाराची दहशत अनुभवली, त्या म्युकरवर्गीय बुरशींतही कॅल्सिन्यूरिन मोलाचं आहे. म्युकर सर्सिनेलॉइडिसमध्ये ते बंद पाडलं की बुरशी तंतू काढू शकत नाही, यीस्टसारखी गोल पेशी म्हणूनच अडकून राहते.

माणसाच्या शरीरात या प्रथिनांचे नातेवाईक आहेत का?

आहेत, आणि जवळचे आहेत. आपल्या चेतापेशींत एनएएलसीएन नावाचं गळतीचं चॅनेल आहे. ते सीसीएच१ च्या घराण्यातलं, आणि त्याला जोडून बसणारं प्रथिन मिड१ च्या घराण्यातलं. म्हणजे ही जोडी बुरशी आणि प्राणी वेगळे होण्याच्या आधीपासूनची आहे. मिड१ हे जोडप्रथिन आहे, या मताला यामुळे बळ मिळालं.

पीएमआर१ चा मानवी भाऊ एटीपी२सी१ या जनुकातून बनतो. त्यातल्या बिघाडाने हेली-हेली नावाचा त्वचारोग होतो, ज्यात काखेत, मानेवर वारंवार फोड येऊन कातडी सुटते. जॉन्स हॉपकिन्समध्ये राजिनी राव यांच्या गटाने हा मानवी पंप पीएमआर१ नसलेल्या यीस्टमध्ये घालून पाहिला, आणि त्याने यीस्टचा दोष भरून काढला.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत यातलं काही पाहता येईल?

कॅल्शियम सहन करण्याची ताकद पाहता येते. बेकरी यीस्ट घ्या. वायपीडी या यीस्टच्या नेहमीच्या वाढमाध्यमाचं आम्लमान (पीएच) ५.५ ठेवा, नाहीतर फॉस्फेटचा साका बसून माध्यम गढूळ होतं. कॅल्शियम क्लोराइडचं निर्जंतुक द्रावण वेगळं ठेवून माध्यम ऑटोक्लेव्ह झाल्यावर, थिजण्याआधी घाला. एक बशी साधी, एक ५० मिलिमोलरची, एक २०० ची. यीस्टचं द्रावण दहा-दहापट पातळ करत पाच ठिपके ओळीने टेकवा आणि ३० अंशांवर दोन दिवस ठेवा. २०० मिलिमोलर म्हणजे पेशीद्रवातल्या कॅल्शियमच्या सुमारे वीस लाखपट. त्या बशीवरही ठिपके उगवलेले दिसतील. विद्यार्थ्यांना मी आधी अंदाज लिहून ठेवायला सांगते, आणि मगच बशी उघडू देते.